पहाटेचं धावणं आणि पोटाची वेळ

सांजच्या भाकरी उरकून, भांडी आवरून तुम्ही रेडिओ लावला असेल. कुणी अजून चुलीपुढंच असेल. तिथूनच ऐका, काम थांबवू नका. आज आम्ही जे सांगणार आहोत ते चुलीचंच आहे.

आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे पाच वाजता पोरी पळताना दिसतात. दहा वर्षांमागं एखादी दिसायची, आता दहा-पंधरा दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी पळते, कुणी कबड्डीत आहे, कुणी खो-खोत. आमच्या माणदेशात तर मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तेव्हापासून पळणारी पोर दिसली की लोक नाव ठेवत नाहीत, कौतुकानं बघतात. हे चांगलंच झालं. पण पोर पळायला लागली तशी घरातली जेवणाची वेळ बदलली का? आमच्या गटात तरी बदलली नव्हती. त्याची किंमत आमच्या एका मैत्रिणीच्या पोरीनं मोजली. तिचं नाव सांगत नाही. तिनं आणि तिच्या आईनं परवानगी दिली आहे, म्हणून गोष्ट मात्र सांगतो.

ही पोर दोन वर्षं भरतीची तयारी करत होती. मुलींच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते, मिळून ५० गुण. गावातल्या सरावात ती सगळ्यांत पुढं असायची. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेली. रात्री स्टँडवर थोडी भेळ खाल्ली, तिथंच बाकड्यावर अंग टाकलं. पहाटे चारला उठून चहा घेतला आणि रांगेत उभी राहिली. नंबर लागायला दहा वाजले. तोवर ऊन चढलं होतं. लघवीला जायची सोय जवळ नाही म्हणून पाणीही बेतानंच प्यायली होती. ८०० मीटरचा पहिला फेरा चांगला मारला. दुसऱ्या फेऱ्यात वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती खाली बसली. दोन वर्षांची मेहनत त्या वळणावर राहिली.

ती घरी आली तेव्हा गाव म्हणालं, पोर घाबरली. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. आमच्या पुढच्या बैठकीत तिची आई आली ती रडतच. आम्ही तिला म्हणालो, ताई, रडू नको, आपण हिशेब मांडू. बचतीचा हिशेब आपण दर आठवड्याला मांडतो, तसाच पोरीच्या पोटाचा मांडू.

मग वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. चाचणीच्या दिवसाचं राहू द्या, साध्या सरावाच्या दिवसाचं लिहिलं. रात्री आठला जेवण. पहाटे साडेचारला उठणं, चहा आणि दोन बटरं. पाच ते साडेसहा सराव. घरी येऊन पाणी भरणं, अंगण झाडणं, आंघोळ. आठची एसटी धरून कॉलेज. डबा उघडायचा दुपारी साडेबाराला. रात्रीच्या आठपासून दुपारच्या साडेबारापर्यंत किती झाले? साडेसोळा तास. साडेसोळा तासांत एक कप चहा आणि दोन बटरं, आणि मधे दीड तास पळणं. वहीतला आकडा बघून तिची आई गप्पच झाली. मग म्हणाली, "ताई, माझ्याच घरात माझी पोर उपाशी होती, आणि मला कळलंच न्हाई."

मैत्रिणींनो, तिच्या घरात धान्य कमी नव्हतं. ज्वारी होती, मटकी होती, शेंगदाण्याचं पोतं होतं, दारात म्हैस होती. चुकत होती ती फक्त वेळ. म्हणून आज वेळेबद्दलच बोलू.

आपल्या अंगात शक्तीच्या दोन कणग्या असतात असं समजा. एक मोठी, ती स्नायूंमध्ये, म्हणजे मांड्या-पोटऱ्यांच्या मांसात. दुसरी लहान, ती यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये. भाकरी, भात, गूळ, फळ जे खातो त्यातली साखर या कणग्यांत साठते. आपण रात्री झोपतो तेव्हा पाय झोपतात, पण मेंदू जागाच असतो. त्याला रात्रभर साखर लागते आणि ती त्या लहान कणगीतून जाते. म्हणून पहाटे उठतो तेव्हा मोठी कणगी बऱ्यापैकी भरलेली असते, पण लहान कणगी तळाला गेलेली असते. पाच-दहा मिनिटं पळायचं असेल तर तेवढ्यावर भागतं. दीड तास जोराचा सराव असेल तर काहींना चक्कर येते, मळमळतं, पाय जड होतात. आणि सराव झाल्यावरही दुपारपर्यंत खाल्लं नाही, तर मोठी कणगी भरत नाही. दुसऱ्या दिवशी पोर अर्ध्या कणगीवर पळते, तिसऱ्या दिवशी पाव कणगीवर. मग आपण म्हणतो, हिच्यात दम नाही. दम असतो, दाणा नसतो.

आता आधी काय खायचं ते बघू. पोटभर जेवण धावण्याच्या तीन तास तरी आधी झालेलं असावं. पोट भरलेलं असताना पळलं तर कळ येते, उलटीसारखं होतं. म्हणून पहाटेच्या सरावासाठी रात्रीचं जेवण हेच खरं जेवण. पळणाऱ्या पोरीनं रात्री अर्ध्या भाकरीवर उठायचं नाही. भाकरी, उसळ किंवा वरण, भात, सगळं नीट खायचं. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर, हा नियम तिला लावायचा नाही.

पहाटे उठल्यावर, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, थोडंसं आणि पचायला हलकं. एक केळं. किंवा दोन-तीन खजूर. किंवा गुळाचा खडा आणि चतकोर भाकरी. किंवा रात्री उकडून ठेवलेलं लहान रताळं. यातलं काही एक, सगळं नव्हे. शेंगदाण्याचा लाडू, चटणी-तेल, तळलेलं काही यावेळी नको. ते वाईट म्हणून नाही. तेलकट जिन्नस पोटातून सावकाश पुढं सरकतात, म्हणून. लाडू आल्यावर खायचा, जाताना नाही. दुधाचं ज्याचं त्यानं बघावं, काहींना धावताना पोटात गुडगुडतं. ज्यांना पहाटे घासच उतरत नाही त्यांनी दोन घोट गुळाचं पाणी घ्यावं, मग हळूहळू सवय करावी. आठ-दहा दिवसांत पोट शिकतं.

आणि चहा? चहा बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, आमचाच बंद होणार नाही. पण चहानं भूक मरते. पोरीला वाटतं पोटात काहीतरी गेलं, आणि गेलेलं असतं फक्त कपभर. चहा घ्या, पण चहा म्हणजे न्याहारी नव्हे.

आता पाणी. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. पन्नास किलो वजनाच्या पोरीचं एक किलो वजन घामात गेलं की धावण्यावर परिणाम दिसायला लागतो. छाती जास्त धडधडते, पाय ओढतात, डोकं दुखतं. किती घाम जातो हे घरबसल्या कळतं. सरावाच्या आधी वजन करा, परत आल्यावर अंग पुसून तशाच कपड्यांवर पुन्हा करा. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे वजनाचा काटा असतो, एखाद्या दिवशी विचारून घ्या. अर्धा किलो कमी भरलं तर साधारण अर्धा लिटर घाम गेला. ते भरून काढायला पुढच्या दोन-तीन तासांत त्याहून थोडं जास्त, पाऊण लिटरपर्यंत, प्यायचं. एकदम तांब्या तोंडाला लावून नाही, थोडं थोडं.

रोज वजन करायची गरज नाही. रोजची खूण म्हणजे लघवीचा रंग. लिंबू सरबतासारखा फिका असेल तर पाणी पुरेसं आहे. सरसूच्या तेलासारखा गडद पिवळा असेल तर कमी पडतंय. सकाळी उठल्यावर एक ग्लास पाणी, आणि सराव तासाहून लांबला तर मधे दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट. इतकं सोपं आहे.

तासाच्या आतला सराव असेल तर साधं पाणी बास. तासाहून जास्त, आणि त्यात ऊन, तर मीठ-साखरेचं पाणी करा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. जुलाबाला आपण बाळाला देतो तेच हे पाणी. वर लिंबू पिळा. मोजून करा, मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त मीठ अपायाचं. दुकानातलं ग्लुकोज म्हणजे बहुतेक साखरच. आणि रंगीत डब्यातली शक्ती देणारी पेयं पोरींच्या हातात दिसायला लागली आहेत. त्यात साखर भरपूर आणि झोप उडवणारं कॅफीन असतं. त्या पैशात डझनभर केळी येतात.

एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. पाणी चांगलं म्हणून तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसू नका. रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं असतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि आपल्या घरात सगळ्यांत जास्त राहून जाणारं. पळून आल्यावर काय? पळताना ताकद वाढते असं आपल्याला वाटतं. खरं तर पळताना स्नायू थकतात, बारीक बारीक उसवतात. ते शिवले जातात नंतर, खाण्यात आणि झोपेत. जशी गोधडी रोज वापरायची आणि टाका कधीच घालायचा नाही, तर ती किती दिवस टिकणार?

म्हणून घरी आल्यावर तासाभराच्या आत खायला मिळालं पाहिजे. पाणी भरायच्या आधी, झाडलोट करायच्या आधी. त्यात दोन गोष्टी हव्यात. कणगी भरायला भाकरी, पोहे, केळं, गूळ असं काही. आणि टाके घालायला प्रथिनं, म्हणजे दूध, अंडं, उसळ, डाळ, शेंगदाणे, फुटाणे. प्रथिनं साधारण पंधरा ते वीस ग्रॅम मिळाली तर उत्तम. हा आकडा ऐकून घाबरू नका. एका अंड्यात सहा ग्रॅम, एका ग्लास दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, एका ज्वारीच्या भाकरीत पाच-सहा. म्हणजे एक भाकरी, मूठभर शेंगदाणे आणि ग्लासभर दूध झालं की हिशेब पुरा. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि भाकरी, त्यावर ताक, तरी चालतं. डब्यातली महागडी पावडर लागत नाही. आणि पुढचं जेवण तीन-चार तासांनी व्हावं, दिवसभराचं एकदम रात्री नाही.

त्या पोरीची गोष्ट इथं थोडी पुढं नेतो. चाचणीहून आल्यावर तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. बाईमाणसाचं १२ तरी हवं. रक्तच प्राणवायू पायापर्यंत नेतं, ते पातळ असेल तर केळं खाऊनही पाय कसे पळणार? आणि ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. म्हणून पळणाऱ्या प्रत्येक पोरीचं रक्त एकदा तपासून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतं. शाळेतल्या आणि अंगणवाडीच्या किशोरींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. ती ओढणीच्या टोकाला बांधून आणू नका, गिळा. रक्त जास्तच कमी असेल तर किती गोळ्या घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील.

इथंही वेळेचीच गोष्ट आहे. जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा घेतला तर जेवणातलं लोह अंगाला कमी लागतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. उलट उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त लागतं. एवढा बदल तर फुकटातला आहे.

आणखी एक खूण आहे, ती आईनंच ओळखायची. पोर खूप पळते, कमी खाते, आणि तिची पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर बरं झालं कटकट गेली असं समजू नका. अंगाला खाणं पुरत नसलं की अंग आधी पाळी थांबवतं. पुढं हाडं ठिसूळ होतात, नडगीचं हाड पळता पळता चिरतं. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. लग्न झालेलं असेल तर दिवस गेलेत का तेही बघा. पाळी चालू असताना मात्र पळायला काही हरकत नाही. जमेल तेवढं पळावं, खाणं-पाणी रोजच्यासारखंच ठेवावं.

उपवासाचं काय, हे आमच्या बैठकीतही निघालं. आमच्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, सगळं आहे. आम्ही कुणाच्या श्रद्धेवर बोलणार नाही. एवढंच म्हणतो, कडक उपवासाच्या दिवशी जोराचा सराव ठेवू नये, हलकं चालणं ठेवावं. आणि उपवासातही साबुदाण्याच्या तेलकट खिचडीपेक्षा रताळं, केळं, राजगिऱ्याचा लाडू, दूध बरं. चाचणीच्या दिवशी उपवास आला तर आमच्या गटातल्या एका आजींनी जे सांगितलं ते सांगतो. त्या म्हणाल्या, "देवाला सांगायचं, पुढच्या सोमवारी दोन फुलं जादा वाहीन. देव काय परीक्षा घ्यायला बसलाय व्हय, परीक्षा तर सरकार घेतंय."

आता चाचणीच्या दिवसाबद्दल. पी. टी. उषा यांचं नाव तुम्हाला माहीत आहे. १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. पुढं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे, की तिथं त्यांच्या अंगवळणी पडलेलं खाणं मिळालं नाही, तांदळाची पेज आणि लोणचं यावर राहावं लागलं, आणि शेवटच्या पस्तीस मीटरमध्ये ताकद टिकली नाही. एवढी मोठी धावपटू, आणि तिच्या बाबतीतसुद्धा खाणं आडवं आलं. मग एसटी स्टँडवर भेळ खाऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या पोरीनं स्वतःलाच का दोष द्यावा?

म्हणून चाचणीला जाताना शिदोरी घरची. रात्रीसाठी दशम्या किंवा चपात्या आणि कोरडी भाजी. नंबर कधी लागेल ते माहीत नसतं, म्हणून पहाटे थोडं खायचं आणि पुढं रांगेत दर तास-दीड तासानं दोन घास, एखादं केळं, खजूर, राजगिऱ्याची वडी. पाण्याची भरलेली बाटली जवळ, आणि घोट घोट चालू. लघवीच्या भीतीनं पाणी तोडायचं नाही, पोहोचल्या पोहोचल्या सोय कुठं आहे ते आधी बघून ठेवायचं. त्या दिवशी नवीन काहीही खायचं नाही. जे सरावाला खाल्लं तेच. मैत्रिणीनं दिलेली गोळी, कुणी दिलेलं पेय, काही नाही. जमलं तर मुक्काम ओळखीच्या घरी करायचा, झोप हीसुद्धा शिदोरीच आहे.

ऊन जास्त असेल आणि एखादी पोर बडबडायला लागली, तिला काही समजेना, अंग तापलं, तर ती नुसती चक्कर नाही, उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला आणि काखेत ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मग आम्ही गटानं काय केलं ते सांगतो. फार मोठं काही केलं नाही. आमच्या गटात अकरा जणी. त्यातल्या चौघींच्या पोरी पळतात. आम्ही दोन डब्यांची पद्धत पाडली. पहिला डबा उशाचा. रात्री झोपताना आई त्यात केळं किंवा खजूर किंवा गूळ-भाकरी ठेवते, शेजारी पाण्याचा तांब्या. पोरीला पहाटे अंधारात शोधाशोध नको. दुसरा डबा उंबऱ्याचा. पळून आली की आत येता येता उचलायचा. त्यात शेंगदाणे, तीळ, डाळं आणि गूळ यांचा लाडू, सोबत दूध किंवा अंडं, आणि भाकरी. महिन्यातून एकदा सगळ्या जणी वाटी-वाटी शेंगदाणे आणतो आणि बैठकीच्या दिवशीच लाडू वळतो. ज्यांच्या पोरी पळत नाहीत त्याही आणतात. गटाच्या बचतीला हात लावावा लागला नाही.

अडचण आली ती दुसरीकडून. एका घरात सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला एवढं खाऊन काय करायचं? आमी न्हाई का उपाशीपोटी डोंगर चढलो?" सूनबाई काही बोलली नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, आत्याबाई, तुम्ही चढलात हे खरं. पण पन्नाशीत तुमचे गुडघे गेले, कंबर धरली, तेही खरं ना? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "व्हय, खायला कोण देत हुतं." दुसऱ्या दिवसापासून त्या घरातला उशाचा डबा आजीच भरतात.

त्यांचं ते वाक्य ऐकून आम्हीही घरी येऊन विचार करत बसलो. पोरींचा हिशेब मांडला, आपला कुणी मांडायचा? आपण सकाळी आठला खुरपायला जातो, चहावर. न्याहारी सोडायची दुपारी एकला. चार-पाच तास वाकून काम, उन्हात, रानात आडोसा नाही म्हणून पाणीसुद्धा कमी. अंगाला काय कळतं, हे मैदान आहे की रान? घाम तोच, कणगी तीच. ऊस तोडणाऱ्या आपल्या बहिणींचं तर याहून कठीण. मैत्रिणींनो, आपण घरात सगळ्यांना वाढतो आणि शेवटी भांड्याच्या तळाला जे असेल ते खातो. पोर ते बघत मोठी होते आणि तेच शिकते. तिला वेळेवर खा म्हणून सांगायचं, आणि आपण चहावर दिवस काढायचा, हे तिला पटणार कसं? म्हणून आता आम्हीही रानात जाताना चतकोर भाकरी आणि गूळ खाऊन निघतो, दहा-साडेदहाला खुरपं खाली ठेवून फुटाणे-शेंगदाणे खातो, पाणी पितो. मालकाचं काम अडलं नाही. उलट दुपारनंतर आमचे हात पूर्वीपेक्षा बरे चालतात.

ती पोर? तिनं लोहाच्या गोळ्या घेतल्या, रक्त वाढलं. पुढच्या भरतीत ८०० मीटर पुरं पळली, न थांबता. लेखी परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. लागेल तेव्हा लागेल. ती घरी आल्यावर आईला म्हणाली, "आई, दुसऱ्या फेऱ्याला पाय माझं ऐकत हुतं." आमच्यासाठी निकाल तिथंच लागला.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. बचत गोळा झाली की वहीचं मागचं पान उघडा. प्रत्येकीनं सांगायचं, काल रात्री किती वाजता जेवले आणि आज पहिला घास किती वाजता खाल्ला. मधले तास लिहा. आधी पोरीचे लिहा, मग स्वतःचे. सगळ्यांत मोठा आकडा जिचा, तिच्या घरी दुसऱ्या दिवशी दोन डबे भरायला सगळ्या जणी मिळून जा. बाकीचं तुम्हाला सुचेलच.